बाहेरच्या परीक्षकाचे शेरे

कॉलेजात तिला सगळे मॅडम म्हणायचे आणि घरात भाची मामी म्हणायची. जे घडलं ते भाचीच्या बाबतीत घडलं, तेव्हा आपणही तिला मामीच म्हणू.

मामी डिझाइन कॉलेजात शिकवायची आणि शिकवता शिकवता पीएच.डी. करत होती. विषय असा, की विद्यार्थ्याला त्याच्या कामावरचा शेरा माणसाकडून न मिळता पडद्यावर मिळाला, तर तो त्याचं काय करतो. पूर्वी मास्तर टेबलाशी उभे राहून बोलायचे. पोरगं त्यांच्या तोंडाकडे बघून ओळखायचं, की हे खरंच आपल्या कामावर चिडलेत, की सकाळी घरी काही वाजलंय. पडद्याला तोंड नसतं. मग माणूस कशावरून ओळखतो? प्रश्न चांगला होता, मामी हुशार होती, आणि तिचे गाइड, ज्यांना अख्खा विभाग मोठे सर म्हणायचा, तिच्यावर खूश होते. निवृत्त होताना आपल्या खुर्चीत तिलाच बसवून जायचं त्यांच्या मनात होतं आणि ते चारचौघांत तसं बोलूनही दाखवायचे.

प्रयोग दिसायला साधा होता. शेवटच्या वर्षातल्या ज्या मुलांनी होकार दिला, त्यांनी दर आठवड्याला आपलं काम एका प्रोग्रामवर चढवायचं. मग ‘बाहेरचे परीक्षक’ त्यावर शेरा लिहिणार. बाहेरचे परीक्षक वगैरे कोणी नव्हतेच. निम्म्या मुलांना गोड शेरे जायचे, निम्म्यांना कडू, आणि दोन्ही मशीनच चिठ्ठ्या उचलाव्यात तसे उचलून पाठवायचं. काम चांगलं की वाईट, याचा शेऱ्याशी काडीचा संबंध नव्हता. संबंध ठेवला असता तर नुसत्या शेऱ्याचा परिणाम वेगळा काढून मोजणार कसा? प्रोग्राम मात्र सगळं टिपून ठेवायचा. शेरा कधी उघडला, उघडून किती वेळ नुसतंच बघत बसलं, मग काय खोडलं, काय परत आणलं, काय कायमचं टाकून दिलं.

शेरे मामीनेच लिहिले. एका सुट्टीच्या दुपारी मध्ये चहा ठेवून ती आणि नवरा बसले. गोड शेरे चटकन झाले. कडू लिहिताना दोघांना भलतीच मजा आली. नवरा जाहिरात कंपनीत मजकूर लिहायचा, त्याची जीभ मुळातच तिखट. ‘तुमच्या कामात मेहनत दिसते. दुसरं काहीच दिसत नाही.’ हे वाक्य त्याचं. मामी हसता हसता खोकायला लागली. मग म्हणाली, हे फार छान आहे, यात कामाबद्दल एक अक्षर नाही, म्हणून कुठल्याही कामाला चपखल बसेल. नवऱ्याने खोटं खोटं वाकून सलाम ठोकला आणि अजून दोन-चार सुचवली.

त्या दुपारी भाची घरात नव्हती.

ती नणंदेची मुलगी. शेवटच्या वर्षाला होती, कॉलेज मामा-मामींच्या गावात म्हणून पहिल्यापासून त्यांच्याकडेच राहायची. तिला सगळे मुंगी म्हणायचे. लहानखुरी होती म्हणून, आणि दिवसभर काही ना काही ओढून घरात आणायची म्हणूनही. रस्त्यात सापडलेलं बटण, बसचं फाटकं तिकीट, कोणाच्या तरी छत्रीची तुटलेली मूठ. सकाळी वर्तमानपत्र आधी तिच्या हाती पडलं, तर मामाला ते समासात काढलेल्या चित्रांसकट वाचावं लागे.

त्या वर्षी तिने शेवटच्या प्रकल्पासाठी हरवलेल्या वस्तूंची कचेरी घेतली होती. बसमध्ये, स्टेशनवर विसरलेल्या वस्तू जिथे जमा होतात, ती. तिथे जाऊन ती दिवसचे दिवस बाकावर बसून आली होती. जेवताना तिने मामा-मामींना सांगितलं, की तिथे माणसं येतात आणि त्यांना बोलताच येत नाही. बाई म्हणते छत्री हरवली, कारकून विचारतो कशी होती, बाई म्हणते काळी, आणि आत काळ्या छत्र्यांचा ढीग पडलेला. तिला असा पडदा करायचा होता, की हरवलेली वस्तू माणसाने तिथे बोटाने जुळवावी. आधी मूठ निवडायची, मग कापड, मग कुठे फाटलीय, कुठे शिवलीय. बोलता बोलता तिने हवेत एक छत्री जुळवून दाखवली. मामा बघतच राहिला.

प्रयोगात मुंगीचं नाव यायला नको होतं. नात्यातलं माणूस घ्यायचं नाही असा कॉलेजच्या समितीचा नियमच होता. पण मुलं कमी पडत होती आणि मुंगीने आपणहून होकार दिला होता. मामी मोठ्या सरांकडे गेली. सरांनी चष्मा पुसत ऐकून घेतलं.

“यादीत तुमची भाची नाहीच आहे,” ते म्हणाले. “एक क्रमांक आहे. क्रमांकाला मामी नसते.”

मामीला ते पटलं. पटवून घ्यायला तिला फारसे कष्ट पडले नाहीत, हेही खरं. कोणता क्रमांक कोणाचा, हे मशीनलाच ठाऊक होतं. तिच्या कॉम्प्युटरवर प्रत्येक विद्यार्थ्याची एक आडवी रेघ धावायची. काम चालू असलं की रेघ वर उसळायची, हात थांबला की सपाट व्हायची.

थोड्या आठवड्यांत बऱ्याचशा रेघा कंटाळवाण्या निघाल्या. गोड शेरेवाले शेरा वाचून खूश व्हायचे आणि होतं तेच पुढे रेटायचे. कडू शेरेवाले बहुधा परीक्षकाला शिवी हासडून चहा प्यायला जात असावेत, कारण त्यांच्या रेघा तासाभरात पूर्ववत व्हायच्या. एकच रेघ वेगळी होती. शेरा उघडला की ती सपाट पडायची आणि तशीच पडून राहायची. मग एकाएकी उसळायची आणि दिवसभर उसळतच राहायची. इतकी स्वच्छ रेघ मामीने दुसऱ्या कोणाच्या संशोधनातही पाहिली नव्हती. ती रोज सकाळी आधी तीच उघडायला लागली.

एका रविवारी ती घरीच रेघा बघत बसली होती. शेजारच्या खोलीत खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि पडद्यावर ती रेघ थांबली. मामीने कान टवकारले. खोलीतून पाणी प्यायल्याचा, खिडकी उघडल्याचा आवाज आला. रेघ सपाट. परत खुर्ची सरकली, आणि रेघ उसळली.

रेघ कोणाची ते मामीला कळलं. तेव्हाच उठून तो क्रमांक काढून टाकायला हवा होता, हे तिला न कळण्याइतकी ती अजाण नव्हती. पण ती रेघ काढली, तर उरत काय होतं? शिवी देऊन चहाला जाणारी मुलं. तिने कॉम्प्युटर मिटला आणि स्वयंपाकाला लागली.

पुढच्याच आठवड्यात मुंगी लॅपटॉप छातीशी धरून तिच्या दाराशी आली. म्हणाली, “मामी, जरा बघतेस? बाहेरचे सर म्हणतात ते मला नीट कळत नाहीये. पाचच मिनिटं.”

“माझं बघणं बरं नाही,” मामी म्हणाली. “मी विभागातली. उद्या कोणी म्हणालं मामीने करून दिलं, तर तुलाच त्रास.”

मुंगीने मान डोलावली. हे बरोबरच आहे, आपल्याला आधी सुचायला हवं होतं, असं म्हणून वर तिने मामीची माफी मागितली.

त्यानंतर मुंगी घरात हळूहळू बारीक होत गेली. अंगाने नव्हे, ती मुळातच बारीक होती. तिचा आवाज बारीक झाला. हा कप घेऊ का, दिवा लावू का, मी आधी अंघोळीला जाऊ का, असं ती विचारायला लागली. एकदा बाजारातून साबण आणायला पाठवलं तर दुकानातून दोनदा फोन केला, कुठला आणू म्हणून. वर्तमानपत्र कोरं करकरीत मामाच्या हाती यायला लागलं. मामीच्या नजरेतून हे सुटलं नव्हतं. पण मोजता येत होतं ते एवढंच, की तिने दर आठवड्याला चढवलेली फाइल आधीच्यापेक्षा लहान असायची. मामीने त्याचा आलेख काढला. आलेख जिन्यासारखा एकेक पायरी खाली उतरत होता.

मग एका संध्याकाळी, तिघं जेवत असताना, मामाने सहज विचारलं, काय म्हणतात तुझे परीक्षक. मुंगीने हातातला घास परत ताटात ठेवला. ती हसायचा प्रयत्न करत होती.

“म्हणतात, माझ्या कामात मेहनत दिसते,” ती म्हणाली. “दुसरं काहीच दिसत नाही.”

मामाने बायकोकडे पाहिलं. बायकोने पाण्याचा जग उचलून तिघांच्या पेल्यांत पाणी ओतलं. मुंगी बोलत होती, की सर बोलतात कडक, पण त्यांचं खरं आहे, कारण तिने स्वतः नीट पाहिलं तेव्हा तिलाही मेहनतीशिवाय काही दिसलं नाही. म्हणून आता ती मेहनत दिसेल असं सगळं काढून टाकतेय.

ती खोलीत गेल्यावर मामा भांडी पुसायला बायकोशेजारी उभा राहिला.

“ते वाक्य माझं आहे,” तो म्हणाला.

“हो.”

“तू आपल्या पोरीला पाठवलंस ते.”

“मी नाही पाठवलं. मशीन पाठवतं.”

त्याने उद्याच्या उद्या तिला खरं सांग म्हटलं. मामीने शांतपणे समजावलं, की शेवटचं सादरीकरण झालं की सगळ्यांना खरं सांगायचंच असतं, तसा नियमच आहे. पण आत्ता एकीला सांगितलं तर सगळ्या वर्गाला कळणार, आणि दोन वर्षांचं काम पाण्यात जाणार. मोठ्या सरांची खुर्ची जाणार. आणि थोडेच दिवस तर उरलेत. मामा एकच ताटली पुसत राहिला. त्याच्या मनात बरंच काही आलं असेल, पण त्यातलं तोंडाबाहेर एकच वाक्य आलं.

“आणि तोवर?”

“तोवर तू तिच्याशी गोड बोल,” मामी म्हणाली.

मामा खरोखरच गोड बोलायला लागला. मुंगीला सिनेमाला घेऊन गेला, आइसक्रीम खायला घातलं, तिच्या कामाबद्दल काही ठाऊक नसताना ते किती छान आहे हे सांगत सुटला. जन्मात कधी इतकं न बोललेला मामा एवढं बोलतोय, म्हटल्यावर मुंगीने आपल्या परीने अर्थ लावला. मामाला माझी कीव येतेय, असं तिने आईला फोनवर सांगितलं. आणि इकडे मामीने नवऱ्याला बजावलं, की तुझ्या कौतुकाने तिची रेघ हलतेय, जरा आवर. मामाने आवरलं. एवढ्यावर त्याची बंडखोरी संपली. तो संध्याकाळी उशिरा घरी यायला लागला.

शेवटच्या सादरीकरणाला मामी बाहेरच थांबली. नात्यामुळे तिला आत बसायची परवानगी नव्हती, आणि हा नियम तिने काटेकोर पाळला. आत मुंगीने पडदा उघडला. त्यावर चार चौकटी होत्या: वस्तू, रंग, तारीख, ठिकाण. खाली ‘पुढे’ लिहिलेलं एक करडं बटण. परीक्षक शिक्षक जरा वेळ वाट बघत राहिले. त्यांना वाटलं अजून काही यायचंय. मग त्यातले एक सौम्यपणे म्हणाले, “अहो, पण हा तर कचेरीतला अर्ज झाला. तो त्यांच्याकडे आहेच की.” मुंगी म्हणाली, “हो सर.” तिला नापास केलं.

दुसऱ्या दिवशी मामीने प्रयोगातल्या सगळ्यांना वर्गात बोलावून खुलासा केला. बाहेरचे परीक्षक नव्हते. शेरे आधीच लिहून ठेवलेले होते, मशीन ते न बघता वाटत होतं. तुमच्या सहकार्याबद्दल विभाग आभारी आहे. वर्गात हास्याचा फवारा उडाला. कडू गटातल्या मुलांनी एकमेकांच्या पाठीवर थापा मारल्या. एकाने आपले सगळे शेरे मोठ्याने, अभिनयासकट वाचून दाखवले. गोड गटातली एक मुलगी तेवढी हिरमुसली.

सगळे गेल्यावर मुंगी मागच्या बाकावरून उठून पुढे आली.

“म्हणजे ते माझ्याबद्दल नव्हतंच,” ती म्हणाली.

“नव्हतंच ना. मनाला लावून घ्यायचं कारणच नाही.”

“मग माझं काम खरं कसं होतं?”

मामी म्हणाली, “चांगलं होतं की.”

“कुठलं?” मुंगीने विचारलं. तिच्या आवाजात भांडण नव्हतं, नुसती चौकशी होती. “पहिलं, की शेवटचं? की मधलं, ज्यात मी मुठी ठेवल्या होत्या आणि कापड काढलं होतं?”

महिनोन् महिने मामीने या मुलीचा हात कधी थांबला, कधी चालला, हे सगळं पाहिलं होतं. काम एकदाही उघडलं नव्हतं. उघडायची गरजच पडली नव्हती.

मुंगी थोडा वेळ उत्तराची वाट बघत उभी राहिली. मग मामीचं अवघडलेपण बघून तिलाच कसंनुसं झालं असावं. “असू दे,” ती म्हणाली, आणि मामीची खुर्चीवर राहिलेली पिशवी उचलून तिच्या हातात दिली.

चार दिवसांनी नणंद येऊन तिला घेऊन गेली. नणंदेला कोणी काही सांगितलं नाही. तिला वाटलं, पोरीला झेपलं नाही, आणि जाताना तिने भावाचे आणि वहिनीचे आभार मानले, की तुम्ही तुमच्याकडून काही कमी केलं नाही. मामा दारात उभा होता. त्याने बहिणीची बॅग गाडीत ठेवली आणि तोंडातून ब्र काढला नाही. मुंगीला वर्ष परत करायची मुभा होती, पण ती नको म्हणाली.

त्या रात्री मामाने बायकोपुढे विषय काढला. तुझ्या प्रयोगामुळे ती नापास झाली, हे विभागाला लेखी कळव, गुण परत तपासतील. मामीने दुसऱ्या दिवशी मोठ्या सरांना विचारून पाहिलं. विचारलं नाही, असं कोणी म्हणू नये. सर म्हणाले, “गुण कामाला दिलेत. काम तर रिकामंच होतं ना?” आणि तुम्ही लेखी दिलंत तर समिती सगळाच प्रयोग रद्द करेल, एवढंही त्यांनी ओघात सांगितलं. मामीने काही लिहून दिलं नाही.

प्रबंध लिहायला बसली तेव्हा तिने पहिल्यांदा त्या फाइली उघडल्या. आधी सगळ्यात पहिली. पडद्यावर छत्र्यांच्या मुठी पसरल्या. हाताने काढलेल्या, एकीसारखी दुसरी नाही. बदकाच्या डोक्याची, बांबूची, पट्टी गुंडाळलेली, कुत्र्याने चावलेली. बोट लावलं की मूठ मोठी होऊन समोर येई आणि खालून हळूच विचारे, ‘हीच का?’ मामी इतकी वर्षं डिझाइन शिकवत होती. आपण काय बघतोय हे तिला पहिल्या क्षणी कळलं. असं काम तिच्या वर्गातून कधी निघालं नव्हतं. ती उठून खिडकीशी गेली, डोळे पुसले, परत येऊन बसली.

मग तिने शेवटची फाइल उघडली, चार चौकटींची, आणि दोन्ही चित्रं शेजारी शेजारी ठेवली. मधे काहीही न लिहिता. तिला ठाऊक होतं, की सभागृहात एवढंच पुरेल.

पुरलंच. परिषदेत ते चित्र पडद्यावर आलं तेव्हा माणसांनी एकदम श्वास आत घेतल्याचा आवाज तिने ऐकला. टाळ्या बराच वेळ चालल्या. एका बाईंनी उठून विचारलं, की त्या विद्यार्थिनीचं पुढे काय झालं. मामीने सांगितलं, की सहभागी व्यक्तींची माहिती गुप्त ठेवणं आमच्यावर बंधनकारक आहे. बाईंनी समजल्यासारखी मान हलवली. वर्ष संपता संपता मामी मोठ्या सरांच्या खुर्चीत बसली.

शोधनिबंध छापायला पाठवला तेव्हा तपासणाऱ्यांनी एकच शंका काढली. खुलासा केल्यानंतर परिणाम नाहीसा होतो की टिकतो? थोडा पाठपुरावा जोडल्यास निबंध जास्त मोलाचा होईल.

मामीने रविवारी सकाळी मुंगीला फोन लावला. पलीकडून तो उचलला गेला तेव्हा मुंगीचा आवाज एकदम उजळला. मामी कशी आहे, मामा कसा आहे, घर अजून तसंच का, सगळं तिने विचारून घेतलं. ती आता वडिलांच्या ओळखीच्या एका कचेरीत टायपिंग करायची. काम सोपं आहे म्हणाली, लिहून आलेलं असतं, तेच लिहायचं. आतल्या खोलीत मामा दाढी करत होता. कोणाचा फोन आहे ते त्याने ऐकलं आणि पाण्याचा नळ मोठा सोडला.

“मग परत काही काढायला बसलीस की नाही कधी?” मामीने विचारलं.

“बसले होते ना एकदा. पण मग वाटलं, हे दाखवायचं कोणाला? आणि कोणी छान म्हटलं तरी ते बघून म्हणतायत की न बघता, हे मला कसं कळणार? म्हणून उठले.”

“किती वेळ बसली होतीस साधारण?”

मुंगीने मनापासून आठवून पाहिलं. “अर्धा तास असेल. का गं?”

“काही नाही, सहज.” मामीने ते लिहून घेतलं.

“मामी, तू फोन केलास ना, खूप बरं वाटलं,” मुंगी म्हणाली. “मला वाटत होतं तू रागावलीस. शेवटी मी तशी निघून आले, तुझा प्रयोग बिघडला असेल.”

“नाही गं वेडे,” मामी म्हणाली, “उलट तुझ्याचमुळे तर तो झाला.” पलीकडे मुंगी हसली, खूप दिवसांनी हसावं तशी. मामीने तिचं हसणं पुरतं थांबू दिलं आणि पुढचा प्रश्न विचारला.